कुरकुरीवर उतारा

कोलशेतला मी ज्यांच्या खोलीत भाड्याने राहायचो, त्या मालकांसमोर तक्रार करायची सोय नव्हती. तक्रार केली की ते रागवायचे नाहीत आणि समजूतही काढायचे नाहीत. शांतपणे सदऱ्याच्या खिशातून गाडीची चावी काढायचे आणि म्हणायचे, "रडतंस कला? चल, दाखवतो." कला म्हणजे त्यांच्या बोलीत 'कशाला'. मग त्या माणसाला गाडीत घालून त्याच्याहून वाईट अवस्थेत जगणाऱ्या कुणाच्या तरी घरी न्यायचे, थोडा वेळ बसवायचे आणि परत आणून सोडायचे. वाटेत केळी घ्यायचे. ज्याच्याकडे बघायला जायचं त्याच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये, असा त्यांचा नियम होता.

रडणं हा त्यांचा शब्द. त्यात डोळ्यांतून पाणी यायची गरज नव्हती. सुनेने स्वयंपाकघरातल्या कपाटांचा रंग बदलायचा म्हटलं की ते रडणं. पुतण्याने गाडीचं नवीन मॉडेल आलंय म्हटलं की तेही रडणंच. टॉवरमध्ये राहणाऱ्या एका निवृत्त बँक मॅनेजरांनी लिफ्टमध्ये सहज सांगितलं की गुडघे दुखतात. मालकांनी त्यांनाही नेलं. गुडघे दुखायचे थांबले नाहीत, पण ते गृहस्थ पुन्हा कधी मालकांसमोर लंगडले नाहीत.

मालक तिथले जुने रहिवासी. पिढ्यान्‌पिढ्या भातशेती होती. मग शेतात बिल्डर आला आणि भाताच्या जागी टॉवर उगवला. त्याला एक परदेशी नाव होतं, जे मालकांच्या घरात एकालाही नीट उच्चारता येत नव्हतं. मालक त्याला नुसतं 'बिल्लिंग' म्हणायचे. त्या बिल्लिंगच्या चौदाव्या मजल्यावर त्यांच्या दोन्ही मुलांचे संसार होते. मागच्या बाजूला जमिनीचा एक तुकडा कुठल्याशा आखणीत अडकून राहिला होता, त्यावर त्यांचं जुनं घर उभं होतं. घर म्हणजे एक खोली, वर पत्रा आणि पुढे दोन पायऱ्या. तीच मला मिळाली.

मिळाली असं मी म्हणतो, कारण मला ती खरोखर मिळाल्यासारखीच वाटली. माझं गाव सोलापूरकडचं. वडिलांचं तालुक्याच्या स्टँडमागे सायकल दुरुस्तीचं दुकान. आई दुसऱ्यांकडे पापड, शेवया करून द्यायला जायची. घरात अंगठ्यापुढे कुणी गेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झालो, रंगाच्या कारखान्यात तपासणीच्या कामाला लागलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला एक आख्खी खोली एकट्याला राहायला आली. पंखा माझा, खिडकी माझी, दिवा किती वेळ जाळायचा ते ठरवणारा मी. पहिल्या रविवारी आईला फोनवर व्हिडिओ लावून चारही भिंती दाखवल्या. ती म्हणाली, "एवढ्या जागेत एकटाच झोपतोस? भ्या वाटत नाही का?"

तरी पहिल्या उन्हाळ्यात माझ्याही तोंडून गेलं. मालक पायरीवर बसले होते, मी त्यांना पाणी द्यायला आलो आणि म्हणालो, "खोली दुपारची जरा तापते, मालक."

चावी निघाली. वाटेत केळी झाली. आम्ही दिव्याला, लोकलच्या स्टेशनापलीकडच्या वस्तीत गेलो.

दिव्यात एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक काकू राहायच्या. पूर्वी त्या मालकांच्या शेतावर लावणीला यायच्या. इमारत इतक्या घाईत बांधलेली होती की जिन्याच्या पायऱ्यांची उंचीही एकसारखी नव्हती. खिडकी उघडली की हाताच्या अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत, आणि त्या भिंतीतल्या खिडकीत दुसऱ्या कुणाचं तरी दूध उतू जात होतं. काकूंनी आम्हाला बसवलं, केळी घेतली, आणि मालक खाली ओळखीच्या कुणाशी बोलायला गेले तशा माझ्याकडे वळल्या.

"तुमचं काय दुखतंय?" त्यांनी विचारलं. दवाखान्याच्या बाकावर शेजारचा पेशंट विचारतो तसं.

"खोली तापते."

"हं. परवा एक बाई आणली होती मालकांनी. तिला गॅलरीतून खाडी अर्धीच दिसते. बिल्डरने पूर्ण सांगितली होती म्हणे."

कोपऱ्यात चादर टाकलेलं काहीतरी उंच उभं होतं आणि घरघरत होतं. माझं लक्ष गेलेलं बघून काकूंनी आवाज खाली आणला. "फ्रीज आहे. पोराने हप्त्यावर घेतला. मालकांची गाडी दिसली की झाकते. एवढ्या लांबून माणसं येतात, त्यांचा हिरमोड नको. टीव्ही भिंतीवर आहे, त्याला काय करणार? त्याच्यावर बाबांचा फोटो लावते."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हसू नका. मालकांमुळे घरात माणूस येतं. नाहीतर इथे शेजारीण दार उघडत नाही. आणि येणारी बाई जाताना माझा हात धरून रडते. मीच तिला पाणी देते, पाठीवरून हात फिरवते. तिचं बरं होतं, मालकांना पुण्य लागतं, मला केळी मिळतात." मग मला नीट न्याहाळून म्हणाल्या, "कोलशेतला मागच्या खोलीत राहणारे ते तुम्हीच का? तुमचं फार ऐकलंय हो."

मला फार बरं वाटलं. येताना गाडीत मालकांनी विचारलं, "आता तापते का खोली?" मी म्हणालो, नाही. खोटं बोललो नाही. त्या दिवशी संध्याकाळी माझ्या खिडकीतून आत आलेला वारा मी अगदी मोजून मापून घेतला. बघून येणाऱ्यांत आपण मोडतो, याचंही एक बारीकसं समाधान त्यात होतं.

काकूंनी माझं फार ऐकलं होतं, यात मला नवल वाटलं नाही. मालक माझ्याकडेही माणसं आणायचे. दर दोन-तीन रविवारी दार वाजायचं आणि मालकांच्या मागे कुणीतरी उभं असायचं. सून, पुतण्या, कॉलेजात जाणारी नात, सुनेची बहीण. मालक त्यांना आत बसवायचे, माझ्याकडे हात करून म्हणायचे, "यो बग. बी.एस्सी. हाय," आणि स्वतः पायरीवर जाऊन बसायचे.

आता मी काय समजावं? गावाकडे मी पदवीधर झालो तेव्हा हायस्कूलचे हेडमास्तर दहावीची पोरं रांगेने आमच्या घरी आणायचे. मला ओट्यावर उभं करायचे आणि म्हणायचे, "हा बघा. सायकलवाल्याचा पोरगा." मी पहाटेच्या पाठांतराबद्दल चार शब्द सांगायचो. आई चुरमुऱ्यांचा लाडू वाटायची. माझ्या दृष्टीने जिथे बी.एस्सी. म्हणून माणसं बघायला येतात, तिथे याखेरीज दुसरं काही असूच शकत नव्हतं. मी दोन जादा खुर्च्या आणल्या. भिंतीवरचं पदवीचं प्रमाणपत्र दारातून दिसेल अशा ठिकाणी हलवलं. आलेल्या प्रत्येकाला चहा दिला आणि वेळेचं नियोजन, वाचनाची सवय आणि जिद्द या विषयांवर मार्गदर्शन केलं.

परिणाम होत होता, तो मला दिसत होता. माणसं गंभीर व्हायची. सुनेने तर जिद्दीचा मुद्दा चालू असताना डोळ्यांना पदर लावला, आणि दुसऱ्या दिवशी खाली एक नवीन ब्लँकेट पाठवलं. पुतण्या जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "टेन्शन नको घेऊ भाई. होतं सगळं नीट." नातीने तिच्या पर्समधलं चॉकलेट माझ्या टेबलावर ठेवलं. मी मनात म्हटलं, श्रीमंत घरातली आहेत, पण शिक्षणाची कदर आहे.

असं दीडेक वर्ष चाललं होतं, तेव्हा डोंबिवलीचं स्थळ आलं.

मनीषा डोंबिवलीत एका लॅबमध्ये रक्त तपासणीचं काम करायची. आम्ही एकदा तिच्या घरी आणि एकदा बाहेर चहाला भेटलो. मला ती आवडली होती. तिने माझ्या कामाबद्दल असे प्रश्न विचारले की मी उत्तरं देताना खुर्चीत पुढे सरकून बसलो होतो. तिलाही मी चालत होतो, तसं तिने सरळ सांगितलं. राहिला होता तिच्या वडिलांचा होकार, आणि तो अडला होता माझ्या खोलीवर. त्यांनी निरोप पाठवला, रविवारी जागा बघायला येतो. गावाहून माझे वडील येऊ शकत नव्हते, म्हणून मी मालकांना म्हटलं, माझ्या बाजूने वडीलधारे म्हणून तुम्ही बसा. मालकांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याच दिवशी सदरा इस्त्रीला दिला.

मनीषाचे वडील एका छापखान्यातून निवृत्त झालेले. मूळचे रत्नागिरीकडचे, डोंबिवली पूर्वेला वन रूम किचन. माणूस सरळ, पण त्यांची एक गोष्ट मला मनीषाने आधीच सांगितली होती. "बाबा कुरकुर करतात. तुम्ही फक्त हो हो म्हणत राहा."

ते आले. खोलीभर नजर फिरवली. पत्र्याकडे बघितलं, प्रमाणपत्राकडे बघितलं. चहा घेतला. मग म्हणाले, "जागा लहान आहे. पण ठीक आहे, सुरुवात आहे. आम्ही तरी काय मोठे." मी मालकांकडे बघितलं. झालंच होतं जवळजवळ.

मनीषाच्या वडिलांनी कप खाली ठेवला आणि सुस्कारा सोडला. "आमच्याकडे तरी काय सुख आहे, शेठ? बाथरूमच्या भिंतीला ओल. वरचा ऐकत नाही. लिफ्ट बसवू म्हणतात, दहा वर्षं नुसतं म्हणतायत. शेजाऱ्यांचा चपलांचा स्टँड आमच्या दारात. कबुतरं तर…"

मी मालकांचा चेहरा बघितला आणि मला काहीतरी चुकल्याची जाणीव झाली. ते सावध झाले होते. गाडीची चावी शोधायला हात खिशाकडे गेला, आणि मग, कुठे जायची गरजच नाही हे लक्षात आल्यावर, थांबला.

"भाऊ," मालक उठून उभे राहिले. "वर बगा."

मनीषाच्या वडिलांनी वर बघितलं.

"पत्रा. उन्हाल्यात हात लावलात तर भाजाल. तुमच्या डोक्यावर सिलॅप हाय ना? हाय. आता हिकडं बगा. यो ओटा. एक मानूस सैपाकाला उभा रायला तर दुसऱ्यानं भायेर जायाचा. कपाट नाय. खुंटी हाय. फ्रीज बगा." मनीषाच्या वडिलांनी फ्रीज शोधला. "नाय. आनि यो पोऱ्या कोन हाय? बी.एस्सी. हाय. सोला सोला वर्सा शिकला आनि हिथं रातो. रडतो का? कंदी रडला नाय. आमच्या घरात कोनी रडला का मी हिथंच आनतो. सूनबाईला आनला. पुतन्याला आनला. नातीला तीनदा आनला. सगली बरी होऊन गेली. दिव्याला जायाचा पेट्रोल वाचला माझा."

मी चहाची किटली हातात घेऊन उभा होतो. ब्लँकेट, चॉकलेट, खांद्यावरचा हात, सुनेचा पदर, सगळं एकामागून एक परत आलं आणि प्रत्येकाने मला आपला खरा अर्थ सांगितला. जिद्दीवरच्या माझ्या मार्गदर्शनाचं काय झालं असेल याचा विचार मी तेव्हाच सोडून दिला.

उतारा मात्र लागू पडला. मनीषाच्या वडिलांच्या कपाळावरच्या आठ्या माझ्या डोळ्यांसमोर गेल्या. ते उठले, पत्र्याकडे पुन्हा एकदा बघितलं, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "आमचं घर खरंच चांगलं आहे हो." मालकांच्या पाया पडून ते गेले.

मालक खुशीत होते. "बगितलास? एका भेटीत."

सोमवारी मनीषाच्या वडिलांचा मेसेज आला. मुलगा गुणी आहे. परंतु मुलीला सुखातून तिकडे पाठवायला मन घेत नाही. तूर्त थांबू.

त्या आठवड्यात मी पहिल्यांदा माझी खोली त्यांच्या नजरेने बघितली. मला वाटायचं तेवढी ती उंच नव्हती. ओटा खरोखरच एकाचा होता. मी कधी मोजलंच नव्हतं, कारण मी जे मागे सोडून आलो होतो त्याच्या मापाने बघत होतो. तसं बघणं काही चूक नव्हतं. पण माझं समाधान मी स्वतः कमावलं होतं, आणि ते कुणीतरी माझ्या नकळत, माझ्याच खुर्च्यांवर माणसं बसवून, वाटून टाकलं होतं. याचा मला राग आला. शनिवारी मालक पायरीवर येऊन बसले तेव्हा मी त्यांना सांगितलं, "मी खोली सोडतोय."

"कला?"

"माझं लग्न मोडलं तुमच्यामुळे."

"मी क केला? मी खोटा बोल्लो का? पत्रा हाय का नाय?"

"आहे. पण माझं घर म्हणजे काय प्रदर्शन आहे? तुमच्या नातीने नव्या फोनचा हट्ट धरला की मला बघायचं?"

मालक पायरीवर हात फिरवत म्हणाले, "हिथं आमी नऊ जनां रायचो. माझी आय, बापूस, भाव, भनी, सगली. माझा लगीन झाला तवा बायकूला घेऊन मी हिथंच आयलो. तवा कोनी बगाया येत नवता."

"मग हे तुमच्या नातवंडांना सांगा ना. मला कशाला दाखवता?"

"सांगला. पयल्यांदी तोच सांगत होतो. आयकत नाय. फोनमदे बगत हां हां करतात. मेलेल्यांच्या गोष्टींनी कोनाला फरक परत नाय रे. जितता मानूस लागतो."

मालक उठले. चावी काढली. मी म्हटलं, मी दिव्याला येणार नाही. ते म्हणाले, "दिव्याला कोन नेतो? डोंबिवलीला चल."

शीळफाट्याला नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती. मालक सबंध वेळ ओठ हलवत होते. आपण काय बोलायचं याची तयारी करत असावेत. मध्येच एकदा त्यांनी गाडी थांबवून केळी घेतली. मी म्हटलं, "मालक, त्यांच्याकडे आपण बघायला जात नाही, माफी मागायला जातोय." ते म्हणाले, "मंग दोन डझन घेतो."

दार मनीषाच्या आईने उघडलं. मालकांना बघून त्या म्हणाल्या, "तुम्हीच का ते? या, आत या. काय करून ठेवलंत तुम्ही यांचं?"

मनीषाचे वडील खिडकीत उभे राहून कबुतरांना तांदूळ घालत होते. आम्हाला बघून त्यांनी हसून हात जोडले. मनीषाच्या आई म्हणाल्या, "आठवडा झाला. ओलीबद्दल एक अक्षर नाही. शेजारणीला स्वतः जाऊन सांगून आले की स्टँड राहू द्या, जागा आहे आपल्याकडे भरपूर. मी घाबरले. म्हटलं बीपी बघून घेऊ."

"बरं झालेत ते," मालक म्हणाले.

"बरं काय झालेत? पोरीचं लग्न मोडून बसलेत."

मनीषाचे वडील वळले. "मोडलं नाही, थांबवलं. अगं, तू बघितलं नाहीस ते छत. आणि आपल्याकडे बघ. स्लॅब. टाइल्स. आपण किती सुखात आहोत याची मला कल्पनाच नव्हती. या सुखातून पोरीला उचलून तिथे टाकू?"

"भाऊ, मी जास्ती बोल्लो," मालकांनी सुरुवात केली. "खोली तशी वाईट नाय. वारा येतो. खालची जमीन थंड रायते. मी सोता…"

"नाही, नाही, शेठ. तुम्ही माझे डोळे उघडलेत." मनीषाचे वडील ऐकेनात. मालक जितकं खोलीचं कौतुक करायला लागले, तितका मनीषाच्या वडिलांचा स्वतःच्या घराबद्दलचा आदर वाढत गेला. मालकांनी आयुष्यभर एकच काम केलं होतं आणि ते उलटं कसं करायचं हे त्यांना येत नव्हतं. घाम पुसत ते माझ्याकडे बघायला लागले.

आतल्या खोलीतून मनीषा आली. ती सगळं ऐकत होती. तिने आधी माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला, मग मालकांसमोर, आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, मी सातवीत जाईपर्यंत आपण कुठे राहायचो?"

"तो विषय वेगळा."

"दिव्याला. बैठ्या चाळीत. आपल्याही डोक्यावर पत्राच होता. पावसात तुम्ही त्याच्यावर चढून डांबर लावायचात आणि आई खालून ओरडायची."

"म्हणूनच म्हणतो ना. परत तेच कशाला?"

"पण तेव्हा आपण रडत नव्हतो, बाबा. तुमची कुरकुर इथे आल्यावर सुरू झाली."

मनीषाच्या वडिलांनी तांदळाची वाटी खिडकीत ठेवली. मनीषा मग मालकांकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. सुई टोचायच्या आधी ती पेशंटशी ज्या आवाजात बोलत असेल, तोच तो असावा.

"आजोबा, एक विचारू? तुम्ही सगळ्यांना नेता. सूनबाईंना, पुतण्याला, यांना. तुम्हाला कधी वाईट वाटलं तर तुम्हाला कोण नेतं?"

मालकांच्या मागे पंखा फिरत होता. त्यांनी केळ्यांच्या पिशवीची गाठ सोडली, परत बांधली. मग एवढंच म्हणाले, "मना कोनी कंदी नेलाच नाय."

मी या माणसाला दीड वर्ष रोज बघत होतो. चौदाव्या मजल्यावर दोन मोठी घरं असलेला माणूस रोज संध्याकाळी माझ्या पायरीवर का येऊन बसतो, हे मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, मालक आहेत, जागेवर लक्ष ठेवतात.

मनीषाच्या आईने विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"सगली हायत. ज्याची त्याची खोली हाय. जेवान फोनवर मागवतात. पोऱ्या येतो, दारात पिशवी देऊन जातो. प्रत्येकाची येगली." जरा थांबून ते म्हणाले, "रडत नाय मी. सांगतो फकस्त."

"मी त्या खोलीत राहायला तयार आहे," मनीषा म्हणाली. ती हे वडिलांना सांगत होती, पण बघत मालकांकडे होती. "पण माझी एक अट आहे, आजोबा. आमचं घर बघायला तुम्ही कुणाला आणायचं नाही. तुमची नात रडली तरी नाही, बँक मॅनेजर रडले तरी नाही. आणायचंच असेल तर जेवायला आणा."

मालक विचारात पडले. अट त्यांना नीट समजून घ्यायची होती. "जेवाया आनला तर बगतीलच ना थोडा?"

"जेवताना ताटात बघतात."

"आनि कोनी आयला नाय तर?"

"मग तुम्ही या."

मनीषाचे वडील खिडकीपाशी उभे होते. ते म्हणाले, "म्हणजे माझं कुणी ऐकायचंच नाही. घर माझं, पोरगी माझी, आणि ठरवणार तुम्ही. शिवाय त्या कबुतरांनी सगळी खिडकी घाण केलीय, ती कोण धुणार?"

मनीषाच्या आईने पदराने तोंड पुसलं आणि मोठा निःश्वास सोडला. "आले एकदाचे ठिकाणावर," त्या म्हणाल्या. "शेठ, तारीख काढू या."

लग्न डोंबिवलीतच एका लहानशा हॉलमध्ये झालं. माझे आईवडील आले. आईने खोली प्रत्यक्ष बघितली आणि दोन जण झोपणार म्हटल्यावर तिची भीती गेली.

मालकांनी अट पाळली. पाळायला त्यांना जड गेलं, ते आम्हाला दिसत होतं. पहिल्या महिन्यात त्यांनी वर घरात प्रत्येकाला विचारलं, रविवारी खाली जेवायला चला. सून म्हणाली, जिम आहे. पुतण्या लोणावळ्याला होता. नात येते म्हणाली आणि विसरली. तेव्हा त्या रविवारी मालक एकटेच आले. इस्त्रीचा सदरा होता. हातात केळी नव्हती. दारात जरा घुटमळले, जसे काही परक्याच्या घरी आलेत.

मनीषाने तिघांची ताटं जमिनीवर मांडली होती. मालकांनी मांडी घातली ती नेमकी खिडकीखाली, भिंतीला पाठ लावून. न सांगता तिथेच; नऊ जणांच्या घरातली ती त्यांची जुनी जागा असावी. भात, मसुराची आमटी, तळलेले बोंबील. ते मान खाली घालून जेवत होते. पत्र्याकडे बघितलं नाही, ओट्याकडे बघितलं नाही, फ्रीजच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं नाही. मी कारखान्यातलं काहीतरी सांगत होतो. मालक हूं हूं करत होते.

अर्ध्या जेवणात त्यांचा हात थांबला. त्यांनी बोटांनी भात चाचपला, मनीषाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच कुणासमोर ते म्हणाले, "भात जरा फरफरीत झालाय गो. पानी कमी परला."

म्हणून झाल्यावर त्यांनी दाराकडे बघितलं. आता आपल्याला कुठेतरी नेतील, असं त्यांना वाटलं असावं.

मनीषा उठली, पातेलं घेऊन आली आणि त्यांच्या भातावर आणखी एक डाव आमटी वाढली.